शिकवल्याशिवाय पेशंटला घरी पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या पानावर नवीन मशिन, नवीन ऑपरेशन, नवीन लस याबद्दल भरपूर वाचायला मिळतं आणि ते यायलाच हवं, पण पेशंट हॉस्पिटलातून घरी गेल्यावर पुढे त्याचं काय होतं यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी निवृत्त वॉर्ड सिस्टर आहे. बाळंतपणाच्या वॉर्डात, मुलांच्या वॉर्डात, मेडिसिनला आणि शेवटी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसोबत काम केलं. माझी मागणी एकच आहे. पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग धरा, त्यासाठी सिस्टरला ड्युटीत वेळ द्या आणि ज्याच्या त्याच्या वयाला झेपेल असं शिकवा.

डिस्चार्जच्या दिवशी काय चालतं ते सगळ्यांनी पाहिलंय. बिलाची धावपळ, गाडी खाली उभी, पेशंटचं लक्ष घरी जाण्यात, सिस्टरच्या मागे अजून तीन जणांचं सलाईन संपत आलेलं, आणि अशात ती पाच मिनिटांत गोळ्यांच्या पट्ट्या हातात देत "ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, टाके काढायला या दिवशी या, समजलं ना?" म्हणते आणि समोरचा मान हलवतो. समजलं ना असं विचारल्यावर मान सगळेच हलवतात. डॉक्टर-नर्सने सांगितलेल्या माहितीतला ४० ते ८० टक्के भाग माणूस लगेच विसरतो असं २००३ सालच्या एका लेखात मांडलं होतं आणि तो आकडा आमच्या क्षेत्रात आजही सांगितला जातो. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही. घाबरलेला, दुखणारा, झोप न झालेला माणूस किती लक्षात ठेवणार?

आता वयाचं बघा. अगदी पहिल्यापासून.

कमी वजनाच्या बाळांसाठी १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रे यांनी कांगारू पद्धत सुरू केली, इनक्युबेटर कमी होते म्हणून बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं आणि अंगावरचं दूध पाजायचं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसात ८ ते २४ तास असं ठेवा. पण हे करतं कोण? आई करते, आणि आईला ते शिकवते सिस्टर. बाळाची मान कशी ठेवायची म्हणजे श्वास अडत नाही, कापडाने कसं बांधायचं, झोप लागली तर काय. इथे शिकवणं हाच उपचार आहे, शिकवलं नाही तर उपचार झालाच नाही.

आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईलाही शिकवायचं खूप असतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं कमी होतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं हे कुणी आधी सांगितलं नसेल तर ती घाबरते, दूध पुरत नाही असं घरातले म्हणायला लागतात आणि वरचं दूध सुरू होतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा बाळ लघवी करत असेल तर दूध पुरतंय, एवढं एक वाक्य तिला नीट माहीत असलं तरी किती फरक पडतो. उलट बाजूने धोक्याच्या खुणाही तेवढ्याच ठामपणे सांगायला हव्यात, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी थांबायचं नाही, बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, छाती आत खेचली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील तर लगेच दवाखान्यात. आणि हे फक्त आईला सांगून भागत नाही कारण ती आधीच थकलेली असते. रात्री बाळ ज्याच्या हातात असणार आहे त्या माणसाला बोलावून सांगा, मग ती आजी असो नाहीतर बाप. बापांना तर आपण बाहेरच उभं करतो, त्यांना आत घ्या, ते शिकतात आणि फार जीव लावून शिकतात हे मी पाहिलंय. आईचीही चौकशी करा. रडू येतं का, झोप लागते का, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल वाईट विचार येतात का, हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ औषधाच्या मापात होतो. तापाचं तेच पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीतही असतं आणि सिरपमध्येही, पण थेंबांत १ मिलीला साधारण १०० मिलिग्रॅम आणि सिरपमध्ये ५ मिलीला १२०, १२५ किंवा २५०. डोस ठरतो वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम धरला तर आठ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅम होतात. आता सिरपच्या सवयीने कुणी थेंबांच्या बाटलीतून ५ मिली दिलं तर ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त! त्यात घरातला चमचा. प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो, म्हणून सुई नसलेली सिरिंज हातात द्यायची, रेघ दाखवायची आणि आईकडून पाणी भरून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

जुलाब झाले की ओआरएसचंही तसंच. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यात अख्खं पाकीट घालायचं, अर्धं अर्धं करायचं नाही कारण क्षाराचं प्रमाण बिघडतं, आणि बनवलेलं २४ तासांनी टाकून द्यायचं. झिंक १० ते १४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. हे "थांबले तरी" मुद्दाम जोर देऊन सांगावं लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी बाटली कपाटात जाते.

पण मूल म्हणजे फक्त आईबापांना सांगून मोकळं व्हायचं असं नाही, मुलालाही सांगायचं असतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बऱ्याचदा वाटतं की मी काहीतरी वाईट वागलो म्हणून मला इथे आणलंय. त्यात मोठी माणसं "नीट वाग नाहीतर सिस्टर सुई टोचेल" म्हणतात. कृपा करून हे म्हणू नका. त्याने मूल आम्हाला शत्रू समजतं आणि खरंच सुई द्यायची वेळ येते तेव्हा त्याला धरायला चार जण लागतात. "अजिबात दुखणार नाही" हेही खोटं बोलू नका. थोडं दुखेल, मी तीन म्हणेपर्यंत, तू रडलास तरी चालेल, हात मात्र हलवायचा नाही. असं सांगितलं की बहुतेक मुलं ऐकतात. दम्याच्या मुलाला स्पेसर, म्हणजे औषधाच्या पंपाला जोडायची नळी, आधी बाहुलीला लावायला द्या, मग स्वतःला. पंप हलवायचा, एका वेळी एकच दाब, मग सावकाश काही श्वास, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, हे सात-आठ वर्षांचं मूल पाठ म्हणून दाखवतं आणि घरी आईची चूकही काढतं.

किशोरवयाकडे मात्र आपलं फार दुर्लक्ष होतं आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. ही मुलं मुलांच्या वॉर्डात बसत नाहीत आणि मोठ्यांच्याही नाही. टाइप १ डायबिटीसचं उदाहरण घ्या. लहानपणी सगळं आई बघते, इन्सुलिन, शुगर, जेवण, आणि एक दिवस सगळे म्हणतात आता तू मोठा झालास, तुझं तू बघ. असं एकदम सोडून जमत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षापासून एकेक गोष्ट हळूहळू त्याच्या हातात द्यावी लागते, आधी शुगर तपासणं, मग वहीत लिहिणं, मग डोस मोजणं, आई बाजूला बसलेली असताना. जागा बदलत टोचायचं, इन्सुलिनच्या पेनची सुई टोचून झाल्यावर दहा मोजेपर्यंत काढायची नाही, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही, शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर घेऊन १५ मिनिटांनी परत तपासायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलट्या होतायत, खाल्लं जात नाहीये म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करून डोस ठरवायचा पण बंद नाही. आजारपणात "खाल्लं नाही म्हणून घेतलं नाही" असं सांगत बेशुद्ध व्हायच्या बेताला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यातही या वयात आईबापांसमोर कुणी खरं बोलत नाही. वजन वाढतं म्हणून इन्सुलिन चुकवणारी मुलगी आईच्या पुढ्यात ते सांगणार आहे का? म्हणून थोडा वेळ तरी पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोललं पाहिजे, जीवाला धोका असेल तरच मी कुणाला सांगेन, बाकी आपल्यात राहील हे आधीच स्पष्ट करून. पाळी, शरीरातले बदल, सिगारेट, दारू, नातेसंबंध, उदास वाटणं, सगळं तिथे निघतं. काही पालकांना याचा राग येतो, मला तोंडावर बोलून गेलेत, पण तरीही मी हेच म्हणेन. आणि मरणाचे विचार येतात का असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो.

मधल्या वयाचं थोडक्यात सांगते. या लोकांना वेळ नसतो आणि त्रासही जाणवत नाही, बीपी वाढलेलं असून काहीच होत नाही म्हणून गोळी चुकते, आणि गोळीने बीपी नॉर्मल आलं की आता बरं झालं म्हणून गोळी बंद. लांबच्या आजारात श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच पेशंट सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये लिहिलंय. यांना भाषण देऊन उपयोग नाही, तुम्ही रोज न चुकता काय करता ते विचारून गोळी त्याच्याशी जोडून द्यायची. गरोदर बाईला लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं आणि चहासोबत गोळी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही हे सांगितलं तर ती गोळी सोडत नाही. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. आणि हार्ट ॲटॅकनंतर नवराबायकोच्या संबंधांचं काय, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो पण विचारत कुणीच नाही, तेव्हा सिस्टरनेच विषय काढावा. तब्येत स्थिर असेल आणि दोन मजले जिना छातीत न दुखता, दम न लागता चढता येत असेल तर बहुतेकांना हरकत नसते, डॉक्टरांना विचारून घ्या, पण विचारा तरी.

आता म्हातारपण. सगळ्यात आधी, आजोबांबद्दल त्यांच्या मुलाशी बोलू नका, आजोबांशी बोला. ते समोर बसलेत, ऐकतायत. ऐकू कमी येत असेल तर ओरडायचं नाही, ओरडल्याने आवाज चिरका होतो आणि वयानुसार नेमके वरच्या पट्टीतले आवाजच आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून खालच्या पट्टीत, सावकाश, तोंडावर उजेड पडेल असं समोर बसून बोलायचं. आधी चष्मा आणि कानाचं मशिन लावायला लावा. एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगा, उरलेल्या उद्या. आणि कुणी म्हणालं की चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा, तर बऱ्याचदा त्यांना वाचता येत नसतं. त्यांना ओशाळं न करता सूर्य आणि चंद्राचं चित्र काढून द्या, सकाळची पट्टी सूर्याजवळ, रात्रीची चंद्राजवळ.

म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी हा तर वेगळाच विषय आहे. तीन डॉक्टरांची औषधं, मागच्या ॲडमिशनची उरलेली, शेजाऱ्यांनी दिलेली एखादी, आणि त्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. माणूस दोन्ही घेतो, बीपी खाली जातं, रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. मग सगळे म्हणतात वय झालं. म्हणून प्रत्येक वेळी सगळी पिशवी घेऊन यायला सांगायचं, पलंगावर ओतायची आणि एकेक पट्टी बघायची. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडं बसायचं आणि मग उभं राहायचं, हे पण करून घ्यायचं. आणि काल नीट बोलणारा माणूस आज अचानक बरळायला लागला, ओळखेना, तर ते म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका, एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा बहुतेक वेळा इन्फेक्शन, लघवी तुंबणं, पाणी कमी पडणं किंवा नवीन औषध यामुळे असतो आणि बरा होऊ शकतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घरी करणाऱ्यांना तर आपण जवळजवळ काहीच शिकवत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, लाल झालेली जागा चोळायची नाही, भोकाची रिंग वापरायची नाही. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाल्यावर महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसतो, पण तो होऊ नये म्हणून सुनेला किंवा मुलाला हातात हात धरून कूस बदलायला शिकवायला वीस मिनिटं मिळत नाहीत.

आणि शेवटचे दिवस. यावर बोलायला सगळे घाबरतात. माणूस जायला लागतो तेव्हा त्याची भूक-तहान आपोआप कमी होते, तो उपाशी राहिला म्हणून जात नाही. हे न कळल्यामुळे घरचे जबरदस्तीने भरवतात, घास श्वासनलिकेत जातो आणि नंतर आयुष्यभर मनाला टोचत राहतं. ओठ-तोंड ओलं ठेवायचं, श्वास थांबून थांबून यायला लागला तर ते अपेक्षित आहे, घशातली घरघर आपल्याला जितकी भयंकर वाटते तितका त्याला त्रास देत नसावी, तो बोलत नसला तरी त्याच्याशी बोला. मॉर्फिन दिलं तर व्यसन लागेल म्हणून कॅन्सरच्या पेशंटला कळवळत ठेवू नका, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नाही, त्याने बद्धकोष्ठ मात्र होतं म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. एवढं कुणीतरी शांतपणे बसून सांगितलेलं घर आणि काहीच न सांगितलेलं घर, दोन्हीतला फरक मी पाहिलाय.

कुणी म्हणेल हे सगळं माहितीपत्रकात छापून द्या नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ पाठवा. द्या की. पण व्हिडिओला समोरच्याचा हात थरथरतोय हे दिसत नाही, पंप तोंडात धरून तो नाकाने श्वास घेतोय हेही दिसत नाही. म्हणून समजलं का विचारायच्या ऐवजी "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी कसं कराल ते करून दाखवा" असं म्हणायचं आणि चुकलं तर परत शिकवायचं. माझ्या विद्यार्थिनींकडून मी हे एक वाक्य घोटून घेतलं.

सिस्टर शिकवत नाहीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्याकडे वेळ कुठून येणार? २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरी ५८ लाख कमी पडत होत्या. अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशनच्या पेशंटमध्ये असं दिसलं की एका नर्सकडे सरासरी एक पेशंट जास्त आला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्याने ठरलेलं आहे. माणसं कमी पडली की सलाईन थांबत नाही, इंजेक्शन थांबत नाही, पहिलं काय गळतं तर बोलणं, कारण त्याची नोंद कुठे नसते आणि ते झालं नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही.

आणि वेळ दिला तर फायदा होतो हेही सिद्ध झालंय. बॉस्टनमधल्या एका हॉस्पिटलात एक नर्स खास डिस्चार्जच्या शिकवणीसाठी ठेवली, पेशंटला त्याच्या औषधांची सोपी पुस्तिका करून दिली आणि घरी गेल्यावर दोन-चार दिवसांत फार्मासिस्टने फोन केला. २००९ मध्ये त्याचे निकाल छापून आले, महिन्याभरात परत इमर्जन्सीला किंवा ॲडमिट व्हायला येण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं होतं.

त्यामुळे हॉस्पिटल चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शिकवायला ॲडमिशनच्या दिवसापासून सुरुवात होऊ द्या, रोज थोडं थोडं, आणि त्या वेळेत त्या सिस्टरला दुसरं काम देऊ नका. कोणाला काय शिकवलं आणि त्याने काय करून दाखवलं हे फाईलमध्ये लिहायला जागा ठेवा, जसं इंजेक्शन दिल्याचं लिहितो तसं. घरी गेल्यावर एक फोन. नर्सिंगच्या परीक्षेत ड्रेसिंगला जेवढे मार्क असतात तेवढे पेशंटला शिकवण्याला ठेवा, मग मुलीही ते मनावर घेतील.

वाचकांनो, तुम्ही पण औषधाचं नाव, ते कशासाठी आहे, चुकलं तर काय करायचं आणि कुठली खूण दिसली की परत यायचं, हे कळेपर्यंत पलंग सोडू नका. सिस्टर घाईत असली तरी विचारा, तिला राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.

संपादक महाशय, तुम्हाला एक विनंती. आरोग्याच्या पानावर आठवड्यातून अर्धा कॉलम नर्सेसना लिहायला द्या, एका वेळी एक वय आणि एकच गोष्ट. सुरुवात म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या पिशवीपासून करता येईल, आणि मजकूर तपासायला किंवा लिहायला मदत लागली तर मी आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या काही जणी तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर